वळणावरचा झेंडा

आमच्या मोटारसायकल शर्यत मंडळाचा एक नंबरचा सभासद मी. मंडळ काढायचं खूळ माझंच, आणि ते एकाच कारणासाठी: मला दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूवर गाडी पळवायची होती. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या कारखान्यात नोकरी करताना दुसरी कुठली चैन मला सुचली नाही. सहा वर्षं मी सचिव होतो. त्यातली पाच वर्षं शर्यतीत गाडीवर बसलोही नाही.

शर्यतीचा दिवस ठरवणंच जिकिरीचं. कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, कचेरीवाल्यांना रविवारची. त्यात पुरती ओहोटी सकाळी आठच्या सुमारास हवी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतरची तीज-चौथ. कुंभवलीतल्या माझ्या खोलीत भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवून आम्ही त्याभोवती बसायचो. हिवाळ्यात असा एखादाच शुक्रवार सापडे. मग कचेरीवाले रजा टाकत आणि ते वर्षभर ऐकवत.

तारीख मिळे, माणसं मिळत नसत. म्हणजे पळणारे ढीगभर. पण लांबच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी गाड्या वळतात तिथे लाल झेंडा घेऊन उभं राहायला कोणी तयार नसे. पहिल्या वर्षी मी शिट्टी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर होतो. वळणावर ज्याला उभं केलं होतं तो शेवट बघायला मध्येच निघून आला, आणि एक गाडी थेट बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीत घुसली. स्वाराला खरचटलं, वलांडी मात्र मोडली. ती ज्यांची, त्या कोळीणबाईंनी आमचा उद्धार केला आणि तो रास्तच होता. आम्ही वलांडी पुन्हा बांधून दिली. त्या आठवड्यात मी नियम लिहिला: वळणावर लाल झेंडा दिसला की थांबायचं, वाद नंतर घालायचा. आणि झेंडा स्वतःच्या हातात ठेवला, कारण दुसऱ्याच्या हातून काम नीट होईल यावर माझा कधी विश्वासच नव्हता.

पुढची चार वर्षं मी तिथे उभा. दर वर्षी गाडी लख्ख पुसून न्यायचो, एक नंबरची पाटी लावायचो आणि वलांडीशेजारी उभी करायचो. तिथून शेवट दिसत नसे, त्यामुळे जिंकलं कोण हे मला मागाहून कळे. बैठकीत मी सगळ्यांना फैलावर घ्यायचो. सगळे माना डोलवायचे आणि चहा मागायचे.

सहाव्या वर्षी, शर्यत सुरू व्हायच्या आधी, त्याच बाई बोंबील लावता लावता थांबल्या.

"गाडी पुसून आनता नि उबी करून ठेवता. तुमी कवा पलवनार?"

"झेंडा धरायला कोणी नाही."

"मी हाय ना हितं. द्या."

मी नियम समजावू लागलो. "चार वरसं बगते," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातून झेंडा काढून घेतला.

मी शर्यतीत उतरलो. आम्ही नेहमीसारखी उशिरा सुरुवात केली होती, पण तेव्हा त्याचं कोणाला काही वाटलं नाही. फेऱ्या सहा होत्या. शेवटच्या फेरीला मी सगळ्यांच्या पुढे होतो, आणि इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. वळणाशी आलो तर लाल झेंडा, दोन्ही हातांनी उंच धरलेला. मागचे शिव्या घालत होते. न दिसल्यासारखं करून निघून जावं, असं माझ्याही मनात आलं. पण नियम माझाच होता. मी थांबलो, मग बाकीचेही थांबले.

"पानी बगा," बाई म्हणाल्या.

आधीच्या फेरीत आम्ही जिथून वळलो होतो, तिथे गुडघाभर पाणी होतं. भरती लागली होती आणि आमच्यातल्या एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. निकाल आता लागणार नव्हता. पण गाडी ढकलत कोरड्या वाळूवर नेताना दुसरंच बोचत होतं. इतकी वर्षं मी माणूस मिळत नाही म्हणून आरडाओरडा केला होता, आणि वीस पावलांवर काम करणाऱ्या या बाईंना एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी झेंडा नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

"फुडल्या सालाला आदी सांगा," त्या म्हणाल्या, "त्या दिशी बोंबील उशिरा लावीन."