गढूळ पाझर

सलग सहावा दिवस पाऊस पडत होता, आणि बाबा खुशीत होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, आणि जयपुरात असा पाऊस कुणाला आठवतच नव्हता. रेडिओवर रोज कुठे पाणी शिरलं ते सांगत, बनी पार्कात रस्त्यावर मोटारी अडकल्याचं दूधवाल्याने सांगितलं, माझं कॉलेज बंद होतं. तरी बाबा सकाळी तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चक्कर मारून आले की चेहऱ्यावर समाधान असे.

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले ते जयपुरातच. भंडाऱ्याकडे परत न जाता त्यांनी खातीपुऱ्याच्या पलीकडच्या एका गावाची जुनी तलाई मासे पाळायला घेतली. तलाई म्हणजे आमच्याकडची बोडी, छोटं तळं. आम्ही जातीने ढिवर, मासेमारी करणारे. आजा, पणजा सगळे बोडीवर जगलेले. बाबा वीस वर्षं बंदूक घेऊन फिरले, पण मनात पाणीच असावं. रोहू-कतल्याची पिल्लं ते स्वतः रेल्वेने आणत. पाण्याने भरलेल्या हंड्यांजवळ बसून रात्रंदिवस हाताने पाणी ढवळत येत, म्हणजे पिल्लांना हवा मिळते. घरी पोचले की त्यांची बोटं पांढरी, सुरकुतलेली असत.

आसपासची बहुतेक घरं मासे न खाणारी. बाबांना लोक 'फौजी' म्हणत आणि मागे 'मछलीवाला'. तलाईच्या पाळीखाली, जुन्या नाल्याच्या पात्रात, नवी वस्ती झाली होती. साठ-सत्तर घरं, काही अर्धवट बांधलेली. इतकी वर्षं नाल्यातून पाणी वाहिलंच नव्हतं, त्यामुळे तो नाला आहे हे प्लॉट विकणाऱ्यालाही आठवलं नसावं, किंवा आठवूनही त्याने सांगितलं नसावं.

बाबांच्या खुशीचं कारण पाऊस एवढंच नव्हतं. पाळ पाझरायला लागली होती.

हे नीट सांगायला हवं. भंडाऱ्याकडे बोडीची पाळ चिकण मातीची असते. तिच्या पायथ्याशी बारा महिने ओल असते आणि बायका तिथे धोपा लावतात, धोपा म्हणजे अळू. पाळ पाझरली की आमची माणसं म्हणतात, पाळ जिवंत आहे. ज्या पाळीचा पायथा कोरडा पडतो, ती आतून भेगाळलेली असते, असा समज. माझ्या आईने जयपुरात दोनदा पायथ्याशी धोप्याचे कंद लावले आणि दोन्ही वेळा ते वाळून गेले. बाबांना त्याचं वाईट वाटायचं. आणि आता, चौथ्या दिवसापासून, पायथ्याला ओल फुटली होती. आईने पदर खोचून लगेच नवे कंद लावले. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसून म्हणाले, "आता बोडीसारखी बोडी झाली."

सहाव्या दिवशी सकाळी मी एकटा पायथ्याने फिरत होतो. वस्तीच्या बरोबर मागे, दोन-तीन ठिकाणी, पाणी झऱ्यासारखं उकळून वर येत होतं. मी हात लावला. पाणी गढूळ होतं, आणि बोटांना वाळू लागली.

भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्हाला मातीचे नमुने बाटलीत हलवून ठेवायला लावत. खाली काय बसतं, वर काय तरंगतं, हे वहीत काढायचं. त्या तासाला सरांनी एकदा जाता जाता सांगितलं होतं की, बांधाखालून स्वच्छ पाणी आलं तर फार भ्यायचं कारण नाही, गढूळ आलं तर बांध पोटातून वाहून चाललाय असं समजा. परीक्षेला ते नव्हतं. मी ते वहीत समासात लिहिलं होतं, तेही पेन्सिलने.

हे बाबांना सांगायचं म्हणून मी वर गेलो. ते सांडव्यावर होते. तलाईच्या एका टोकाला दगडी सांडवा होता, जादा पाणी तिथून बाहेर पडे. मासे निसटू नयेत म्हणून बाबांनी तिथे बांबूची ताटी बसवली होती. काटेरी फांद्या, बाजरीचा कडबा, चिंध्या, असं काय काय वाहून येऊन ताटीला अडकत होतं आणि बाबा छातीभर पाण्यात उभे राहून ते ओढून काढत होते. मीही उतरलो, फांद्या काढू लागलो, आणि काही बोललो नाही.

का बोललो नाही याचं एक कारण होतं. आदल्या वर्षी मी लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचून बाबांना तलाईत चुना टाकायला सांगितलं होतं. प्रमाण मी चुकीचं काढलं. चौथ्या दिवशी पिल्लं पोट वर करून तरंगायला लागली.  पाटीत मेलेली पिल्लं भरून त्यांनी खड्ड्यात पुरली. त्यानंतर मी पुस्तक घेऊन बसलो की त्यांची नजर आधी पुस्तकावर जायची, मग माझ्यावर. या वर्षीचे मासे वीतभराहून मोठे झाले होते. दोन वर्षांची मेहनत त्या पाण्यात होती, आणि ती घालवा असं मी म्हणायचं? समासातल्या एका ओळीवरून?

सकाळची दुपार झाली. मी चार वेळा खाली जाऊन आलो. झरे तीनाचे पाच झाले होते. मी उगाच त्यांच्याभोवती दगड मांडले, मग काढले. वस्तीतली एक बाई छपरावर पत्रा दाबत होती, तिने वरून विचारलं, "भैया, पानी तो नहीं आएगा ना?" मी म्हणालो, बाबांना विचारून सांगतो. ती हसली. म्हणाली, कॉलेजात जातोस आणि एवढंही वडलांना विचारावं लागतं?

घरात काचेची एक बरणी होती. मी ती घेतली, सगळ्यात मोठ्या झऱ्याचं पाणी भरलं आणि पाळीवर ठेवून वाट बघत बसलो. पाऊस पडत होता म्हणून बरणीवर हात धरून बसलो. बरणीच्या तळाशी हळूहळू वाळू बसली. बोटभर. मी दुसऱ्यांदा भरली. तेवढीच. तिसऱ्यांदा भरायची गरज नव्हती, पण मी भरली, कारण तेवढा वेळ बोलावं लागलं नसतं.

मग बाबांकडे गेलो आणि बरणी त्यांच्यापुढे धरली.

"हे काय?"

"बाबा, मतलब... खालून पाणी येऊन राहिलं ना, त्यातली रेती आहे ही. पाळीतली."

त्यांनी बरणी घेतली, तिरकी केली. म्हणाले, "पाझरू दे ना. पाळ पाझरलीच पायजे."

"आपल्याकडची माती चिकण आहे, बाबा. पाणी येते, माती राहते. इथली रेती पाण्यासंगं जाऊन राहिली. आतून पोकळ होऊन राहिली पाळ."

"कोण म्हणते?"

मी म्हणालो, सरांनी सांगितलं होतं. आणि लगेच जोडलं की माझी चूकही असू शकते.

बाबा खाली गेले. मी मागोमाग. त्यांनी एका झऱ्यात मनगटापर्यंत हात घातला. मग कोपरापर्यंत. हात आत जातच राहिला. ते तसेच ओणवे होते, गाल जवळजवळ चिखलाला लागलेला, आणि त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. हात बाहेर काढून त्यांनी आईने लावलेल्या कंदांकडे बघितलं, मग वस्तीकडे.

"ताटी काढून भागते का?" त्यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते मला असं काही विचारत होते. मी म्हणालो, ताटी काढली तरी पाणी उतरायला संध्याकाळ होईल. सांडव्याजवळची पाळ कापली तर लवकर उतरेल. तिकडे गवारीचं रान आहे, पाणी आधी रानात पसरेल, वस्तीच्या शेवटच्या दोन गल्ल्यांत थोडं जाईल. पण रेतीची पाळ आहे, कापलेली जागा रुंदावत गेली तर? ते मला सांगता येत नाही.

"तुले काय सांगता येते?"

"इथे फुटली तर मधोमध वस्तीवर फुटते. एवढं."

त्यांनी आईला हाक मारली आणि वस्तीत पाठवलं. आईचं हिंदी वीस वर्षांनंतरही तिच्यापुरतंच होतं. ती घराघरांत जाऊन सांगत होती, सामान वर ठेवा, पोरांना घेऊन शाळेच्या ओट्यावर जा. नंतर तिने सांगितलं, अर्ध्या लोकांनी ऐकलं, अर्ध्यांनी चेष्टा केली. एक म्हातारी म्हणाली की, इतकी वर्षं इंदरदेवाला हात जोडले तेव्हा कुठे पाऊस आला, आणि ही मछलीवाली त्यालाच घालवायला निघाली.

तोवर बाबांनी ताटीचे दोर विळ्याने कापले. ताटी एकदम तिरकी झाली आणि वाहून गेली. मग आम्ही दोघांनी कुदळ-फावड्याने सांडव्याच्या बाजूची पाळ कापायला घेतली. पहिलं हातभर कापेपर्यंत वेळ लागला. त्यानंतर पाण्यानेच काम हाती घेतलं. बाबांनी गवारीच्या रानवाल्या शेतकऱ्याकडून आणलेली पोती वाळूने भरून कापाच्या दोन्ही कडांना रचली, मी त्यांवर उभा राहिलो, म्हणजे वजन पडेल. पायाखाली पोती थरथरत होती.

मग मासे जायला लागले. त्यांच्या पाठी पाण्यात लालसर चमकत आणि नाहीशा होत. मला वाटलं बाबा तोंड फिरवतील. ते बघत राहिले. एक मोठा कतला कापाच्या कडेला अडकून तडफडत होता, बाबांनी वाकून त्याला दोन्ही हातांनी पाण्यात ढकललं.

अंधार पडायच्या आत तलाई निम्म्यावर आली. झरे बारीक झाले, मग थांबले. पाळ मधोमध उभी होती.

रात्रभर मला झोप नव्हती, पण ते पावसामुळे नव्हतं. पाळ उभी होती, हेच मला छळत होतं. आम्ही काही केलं नसतं तरी ती उभी राहिली असती का? मी कूस बदलायचो आणि मनात दोन्ही बाजूंनी भांडायचो. बाबा दुसऱ्या खाटेवर होते. ते जागे आहेत हे मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. 

सकाळी पाऊस उघडला होता. आम्ही वस्तीत गेलो. शेवटच्या दोन गल्ल्यांत गुडघाभर चिखल होता. भिजलेल्या गाद्या भिंतींवर टाकल्या होत्या. एका दारासमोरच्या डबक्यात आमचे तीन रोहू फिरत होते. घरातल्या बायका लांब उभ्या होत्या, त्यांना मासे हातात घ्यायचे नव्हते आणि मरू द्यायचेही नव्हते, म्हणून एक मुलगी काठीने माशांना खोल बाजूला सरकवत होती. बाबांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

चौकात माणसं जमली होती. पुढे वस्तीतले मास्तर होते, हिशेबी, शांत स्वभावाचे. त्यांची स्वतःची खोली चिखलात गेली होती. त्यांनी बाबांना नमस्कार केला, मग विचारलं, "फौजी साहब, बाँध टूटा या तोड़ा?"

"तोड़ा," बाबा म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, मासे वाचवायला सोडलं असेल पाणी. दुसरा म्हणाला, मासे तर सगळे आमच्या गल्लीत आहेत, हे कसलं वाचवणं. थोडे हसले. मास्तर हसले नाहीत. "क्यों तोड़ा?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला दिसत होतं, ते सगळं स्वतःवर घेणार होते. फौजेतला माणूस, हुकूम त्याचा, चूक त्याची, असं काहीतरी.  कॉलेजात वर्गात मी एकदाही हात वर केला नव्हता.

"मैंने कहा था," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. मी झऱ्यांबद्दल, वाळूबद्दल सांगायला लागलो. मध्येच अडखळलो, परत सुरू केलं, एक वाक्य दोनदा बोललो. मास्तरांनी पूर्ण ऐकलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, ज्याच्याशी मी रात्रभर भांडलो होतो.

"पक्का पता था कि टूटेगा?"

"नहीं," मी म्हणालो.

 बाबा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी मला थांबवलं नाही, की माझ्या बाजूने एक शब्दही घातला नाही.  मास्तरांनी जवळच्या दाराशी टेकवलेली दोन फावडी उचलली, एक मला दिलं, एक बाबांना.

"चलिए," ते म्हणाले, "पहले उधर वाला कमरा."

त्या खोलीत पाणी ओसरलं होतं आणि चिखल दाराच्या उंबऱ्याच्या पातळीपर्यंत बसला होता. आम्ही दुपारपर्यंत उपसत होतो. पाटी भरली की मी बाहेर नेऊन ओतायचो आणि परत येताना प्रत्येक वेळी पाळीकडे बघायचो. ती तिथेच होती.