आबा बसले की गाडी डावीकडे जायची

इथले अमानवीय अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचतेय आणि खरं सांगते, निम्म्यांवर हसलेय. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. लहानपणी चाळीत कोणाच्या अंगात आलं की आबा, म्हणजे माझे वडील, मला मुद्दाम पुढे नेऊन बसवायचे. म्हणायचे, "घड्याळ लाव आणि बघ, किती वेळ टिकतं ते." अशा बापाची मुलगी मी. तरी आज लिहितेय, कारण... वाचा, मग काय ते ठरवा.

मी परळला राहते, आमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. विमा कंपनीत नोकरी करते. लग्न केलं नाही, आई चार वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे घरात मी आणि आबा, बस्स. आबांनी बत्तीस वर्षं काळी-पिवळी चालवली. आता नजर अधू झाल्यामुळे स्टिअरिंग सुटलंय, पण शेजारी बसून गाडी तेच चालवतात. "क्लच दाबून ठेवू नकोस." "त्याला कशाला हॉर्न मारतेस?" माझं डोकं फिरतं. तरी दर रविवारी सकाळी मी त्यांना कॉटन ग्रीनला नेते. तिथे त्यांचे जुने टॅक्सीवाले मित्र राहतात, त्यांच्याकडे कॅरमचा अड्डा असतो.

वाटेत गोदामांच्या मागे एक सरळसोट रस्ता लागतो. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. त्या रस्त्याला लागलं की आबांचं ठरलेलं वाक्य, "बाय, सोड हात." वीसच्या स्पीडला दोन सेकंद स्टिअरिंग सोडायचं. गाडी सरळ गेली तर अलाइनमेंट ठीक. एका बाजूला खेचली तर चाकं तिरकी झालीत, गॅरेज गाठायचं. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही, पण वाद घालण्यापेक्षा हात सोडणं सोपं.

गेल्या जानेवारीत एका रविवारी हात सोडले आणि गाडी डावीकडे निघाली. जराशी नाही, थेट फुटपाथकडे. मी घाबरून पकडली.

"गेलं अलाइनमेंट," आबा म्हणाले. "घातली असशील कुठल्यातरी खड्ड्यात."

"मुंबईत खड्डे चुकवायला हेलिकॉप्टर लागतं, आबा."

त्यांना सोडून परत आले तेव्हा मुद्दाम त्याच रस्त्यावर गेले, त्याच दिशेने. हात सोडले. गाडी सरळ. पुन्हा वळून आले, पुन्हा सोडले. सरळ.

तरी आठवड्यात घराजवळ अलाइनमेंट तपासून घेतलं. तिथल्या माणसाने सांगितलं, काही करायची गरजच नाही. पुढच्या रविवारी आबा शेजारी बसले, मी हात सोडले आणि गाडी परत डावीकडे! म्हटलं, वजनाने होत असेल. पण आबांचं वजन ते काय, पंचावन्न किलो. माझ्या ऑफिसातली शिल्पा त्यांच्या दीडपट आहे, तिला बसवून नेलं. सरळ. त्याच्या पुढच्या रविवारी आबांना मागे, बरोबर माझ्या पाठीमागे बसवलं. म्हणजे वजन उजवीकडे. गाडी डावीकडेच गेली.

त्या दिवसांत आबा तसे गप्पगप्पच असायचे. कॅरममध्ये हरायला लागले होते. कपातला चहा सांडायचा आणि मी ओरडायचे, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" आतून मात्र मला धास्ती वाटायची, की हे माणूस आता हळूहळू हातातून जाणार, आणि मग मी कोणाशी भांडू? डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?"

शेवटी त्यांच्या मित्रांनी तिथल्याच परबांचं नाव सांगितलं. गोदामांच्या ओळीत त्यांचं अलाइनमेंटचं छोटं गॅरेज आहे. आबांना घेऊनच तिथे गेले. परब साठीचे, मालवणी, बोलायला कंजूष. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, चाकांना यंत्रं लावली. स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे.

"गाडी सरळ हा, मॅडम."

"मग डावीकडे का खेचते?"

परबांनी स्क्रीन सोडली आणि प्रत्येक टायरवरून तळवा फिरवला, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. "मशीन चुकात एखाद वेळ. टायर खोटा बोलणा नाय. खेचत असती तर एक कड खाल्ली असती. ही बघा, सारखी झिजलीत."

आबा वाकून बघत होते. मग खुर्चीकडे निघाले. परब त्यांच्या चालण्याकडे बघत राहिले.

"आजोबा, चपला काढा बघू."

आबा चक्रावले, पण काढल्या. परबांनी त्या उलट्या केल्या आणि तळावरून तसाच तळवा फिरवला. दिवाळीत मीच घेऊन दिलेल्या रबरी चपला होत्या. उजवीची नक्षी नव्यासारखी. डावीची अंगठ्याकडची कड घासून पातळ झालेली.

"हे पाय ओढतत," परब हळू आवाजात मला म्हणाले. "अलाइनमेंट गाडीचा गेला नाय, मॅडम. डॉक्टरकडे न्या. उद्या नको, आत्ता."

तिथून थेट हॉस्पिटल. स्कॅन झाला. कवटीच्या आत, मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साचलं होतं, थोडं थोडं करून, कित्येक आठवडे. म्हणून शरीराची डावी बाजू मंदावलेली. डॉक्टरांनी विचारलं, पडला होतात का? आबांनी माझ्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान डोलावली. डिसेंबरात बाथरूममध्ये पडले होते, डोकं आपटलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ओरडली असतीस, बाय."

ओरडलेच असते. कॉरिडॉरमध्ये जाऊन मी ढसाढसा रडले. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस काढले असते तर सांगता आलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय? बरोबर आहे. चपलेचं कोडं सुटलं. परबांची नजर तेज, एवढंच. पण गाडीचं काय? पाय आबांचा ओढत होता, स्टिअरिंगला तर कोणाचाच हात नव्हता. गाडीला मी काहीच केलं नाही, परबांनी साधा नटसुद्धा फिरवला नाही. ऑपरेशननंतर महिन्याभराने आबांना घेऊन त्याच रस्त्यावर गेले, हात सोडले आणि ती सरळ गेली. आबांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रस्त्याचा उतार असेल." भिंतीवरची फ्रेम आहे तिथेच आहे आणि माझाही अजून कशावर विश्वास बसलेला नाही. फक्त उत्तर नाही माझ्याकडे. कोणाकडे असेल तर सांगा, मी खरंच वाचेन.

परवा रविवारी त्या रस्त्यावर आबा काही बोलायच्या आधीच मी हात सोडले. एक... दोन. गाडी सरळ. मी श्वास सोडला तर शेजारी आबांनीही सोडला.

"चल," ते म्हणाले, "या आठवड्यात पास झालो."