निल्याच्या मासोळ्या आम्ही सांभाळू

आज सकाळी निल्याचा शेवटचा मासा मेला.

ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्या. माशासाठी कोणी पोस्ट टाकतं का, असं वाटत असेल तर स्क्रोल करा, पुढे जा. माझी काही ना नाही.

निल्या म्हणजे माझा धाकटा भाऊ निलेश. कामरगावात त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं. दिवाळीनंतर कारंजा रोडवर गाडी स्लिप झाली आणि तो गेला.

दुकानात काउंटरवर त्याचा फिश टँक असायचा. सगळे गोल्डफिश. त्याचं गिऱ्हाइकापेक्षा तिकडेच जास्त लक्ष.

मी चिडवायचे, "निल्या, बायको आली का तिलेबी टँकमंदीच ठेवशीन तू."

"मासे भांडत नाईत न बाई. तू त भांडतं."

मला तो बाई म्हणायचा. मी मोठी ना.

दहाव्याला नाल्यावर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

ऊन चढलं. आईला सांभाळू, दुकान बंद पडू देणार नाही, बाईचं माहेर तुटू देणार नाही. एकेक जण हात जोडून कबूल करत गेला. कावळे झाडावर ढिम्म.

शेवटी मोठेबाबा पुढे झाले. आमच्या बाबांचे थोरले भाऊ. बाबा गेल्यावर आम्हाला त्यांनीच वाढवलं.

"निल्या, तुह्या मासोळ्या आमी सांभाळतो बाप्पा. मरू देत नाई."

कावळा खाली उतरला.

मी असलं काही मानत नाही. पण तेव्हा मीही ढसाढसा रडले. आई तिथेच मातीत बसली. "त्याचा जीव मासोळ्यात होता वं," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी टँक घरी आणला.

मग काय. भेटायला येणारा प्रत्येक जण निल्याच्या नावानं माशांना कणकेच्या गोळ्या टाकायचा. मुक्या जीवाला चारलं की पुण्य लागतं. मी नको म्हटलं की बाया तोंड पाडायच्या. गेलेल्या भावाच्या नावाचा घास कोणती बहीण अडवेल?

पाणी गढूळ झालं. थंडी पडली. तेरवी आटोपली आणि माशांच्या अंगावर पांढरे दाणे दिसले, मिठाचे कण चिकटल्यासारखे. मासे गोट्यांना अंग घासायला लागले.

आत्या म्हणाली, "माता आली त्यायले. दवाई देऊ नोका, देवी कोपते."

आमच्याकडे कांजण्या आल्या की माता आली म्हणतात. औषध नाही, नुसता कडुनिंबाचा पाला आणि दहीभात. आत्यानं पाला टँकमध्ये टाकला, डहाळी दाराला लावली. वर टँकसमोर दहीभाताचा नैवेद्य.

माशांना माता. मी कडाकडा भांडले.

आई म्हणाली, "राहू दे वं. निल्याले लहानपणी माता आली होती, तवा असंच करून बरं वाटलं होतं."

घ्या.

मासे मरायला लागले तेव्हा मोठेबाबांनी अकोला गाठलं. निल्या जिथून मासे आणायचा त्याच दुकानातून निळं औषध आणि हीटर आणला. दुकानदारानं मला फोनवर समजावलं. व्हाइट स्पॉट आहे, दाण्याच्या आत जीव असतो.

"ताई, दाना अंगावर हाये तवरोक दवाई त्याले काईच करत नाई. दाना गळून फुटते, पिल्लं पान्यात सुटतात, तवाच मरतात. दाने दिसले नाई तरी दवाई बंद करू नोका."

मी घरी सगळ्यांना हे बजावून सांगितलं.

दाणे गेले. खरंच गेले. पण पाणी इतकं निळं की मासे दिसेनात. आई काचेला कपाळ लावून बसायची. "मले दिसत नाई वं थ्या मासोळ्या."

मोठेबाबांना ते बघवेना. मी वाशिमला माझ्या घरी परतले होते. त्यांनी निळं पाणी उपसलं, विहिरीचं ताजं भरलं आणि मला व्हिडिओ पाठवला. स्वच्छ पाणी, लाल मासे, आणि आई हसत होती. निल्या गेल्यापासून पहिल्यांदा.

मी कपाळाला हात लावला. पाण्याबरोबर औषधही गेलं होतं. कोणावर चिडायचं? सगळ्यांनी जे केलं ते मायेनंच केलं. मायेनंच घात केला.

चार-आठ दिवसांत दाणे परत आले. या वेळी कल्ल्यांतसुद्धा. मासे वर येऊन तोंड वासायचे.

मी धावत आले. पुन्हा औषध, खडेमीठ, पाणी बदलणं. लाइन गेली की हीटर बंद, पाणी गार. मग चुलीवर पाणी तापवायचं, बाटल्यांत भरून त्या बाटल्या टँकमध्ये सोडायच्या. एकेक मासा गेला की मोठेबाबा गुपचूप परसात पुरून यायचे. आई विचारायची नाही. तिला दिसत होतं.

आज शेवटचा तळाशी आडवा पडलेला.

मोठेबाबा म्हणाले, "अकोल्यावून असाच एक आणतो. तुह्या आईले काय समजते…"

एवढा म्हातारा माणूस भिंतीला टेकून खाली बसला. "मी जबान देली होती वं पोराले."

आई मागेच उभी होती. रडली नाही. टँकजवळ गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले.

"निल्या, आमच्यानं नाई झालं रे. माफ करजो."

मग वळली. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, जन्मात कधी मान वर न केलेल्या माझ्या आईनं मोठेबाबांचा हात धरला आणि त्यांना उठवलं.

"चाला. च्या घ्या."

मी टँक रिकामा करायला घेतलाय. हात चालत नाही, म्हणून हे लिहितेय.

निल्या, तुला कबूल करायला आता आमच्याजवळ काही नाही राहिलं.

तरी जाय, भाऊ. आमच्यात अडकून राहू नको.

तुझी बाई