बाबांचा पूर्ण वर्तमानकाळ

माझ्या बापाने मला इंग्रजी थोबाडीत मारून शिकवलं. त्या माणसाबद्दल सांगायचं तर दुसरीकडून सुरुवातच करता येत नाही.

बाबा शाळामास्तर होते. सत्तावीस वर्षं त्यांनी इंग्रजीचं व्याकरण शिकवलं आणि सत्तावीस वर्षं पोरांच्या कानाखाली जाळ काढला. एकदा एका पोराच्या कानाचा पडदाच फाटला. त्याचा बाप चार माणसं घेऊन आला आणि त्यांनी बाबांना भर वर्गात, फळ्याखाली तुडवलं. उरलंसुरलं काम शाळेने केलं, बाबांना काढून टाकलं. घरी येऊन रक्ताची चूळ टाकत बाबा म्हणाले, "पण पोराचं उत्तर चुकलंच होतं." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज जेवताना समोर बघत आले. आई मार खाऊन खाऊन मामाकडे गेली ती परत आली नाही.

शाळेतली नोकरी गेल्यावर बाबांना मांसाच्या कारखान्यात सुऱ्यांना धार लावायचं काम मिळालं. पुढे मीही तिथेच चिकटले. माझं काम खिम्याच्या मशीनवर. एका मशीनवर दोघी असायच्या. एक बटणापाशी, ती मी. दुसरी मशीनच्या तोंडाशी मांस ढकलणारी, ती जाडी. जाडीच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. आवाज जाडा म्हणून ती जाडी. घरी म्हातारी सासू आणि दोन पोरं, नवरा नाही. हातावर पोट असलेली बाई.

मशीनच्या तोंडात मधूनमधून एखादी चिवट शीर अडकते. शीर अडकली की आतलं पातं थांबतं, पण मशीन चालूच असते. शीर ओढून काढली की पातं पुन्हा गरकन फिरतं. दालनात आठ मशीन एकदम घरघरत असल्यामुळे आपली बंद आहे की चालू, हे कानाला कळत नाही. म्हणून नियम असा की बटणवालीने मशीन बंद करायची आणि ओरडून सांगायचं, मगच तोंडाशी असलेल्या बाईने हात आत घालायचा. परदेशातले खरेदीदार तपासणीला यायला लागले तसं हे ओरडणंही इंग्रजीत करायचं ठरलं. वाक्य बाबांनीच लिहून दिलं होतं: आय हॅव स्टॉप्ड द मशीन.

"स्टॉप्ड नुसतं का नाही?" मी विचारलं होतं.

"नुसतं स्टॉप्ड म्हणजे कधीतरी बंद केली होती. नंतर कुणी चालू केली असेल तर? हॅव लावलं की बंद केली आणि आत्ताही बंदच आहे. आय हॅव ब्रोकन द कप म्हणजे तुकडे अजून पायाखाली आहेत. म्हणून त्याच्याबरोबर यस्टरडे येत नाही. काल गेला, तुकडे राहिले. हॅड कधी? दोन गोष्टी मागच्या, त्यातली जी आधी घडली तिला हॅड." हे त्यांनी इतकं छान सांगितलं की मी क्षणभर त्यांच्यावर खूष झाले. लगेच त्यांनी मला वाक्य विचारलं, मी यस्टरडे घातलं, आणि त्यांनी थोबाडीत दिली.

माल पाठवायच्या कचेरीत एक जागा निघाली होती. टेबल, खुर्ची, कागद, आणि आसपास एकही पातं नाही. परदेशाशी पत्रव्यवहार करायचा म्हणून इंग्रजीची परीक्षा होती, शुक्रवारी. मी त्या दालनातून बाहेर पडावं ही बाबांची एकुलती एक इच्छा होती, आणि ती पुरी करायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. ते कुठेही, केव्हाही मराठी वाक्य फेकायचे. तोंड धुताना, चपला घालताना, कारखान्यात धार लावलेल्या सुऱ्या वाटत माझ्या मागून जातानासुद्धा. वाक्य कानावर पडताच इंग्रजी बाहेर आलं नाही की गालावर पाच बोटं. महिनाभरात माझी जीभ माझी राहिली नाही. बाबांचा आवाज आला की ती आपोआप चालायची आणि हात गाल झाकायला वर जायचा.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला चहा पिताना मारलं. ओठ फुटला. मी तशीच कामावर गेले. अकराच्या सुमाराला मशीनमध्ये शीर अडकली. जाडीने मला हाताने खूण केली आणि मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून, अगदी कानाशी बाबांचा आवाज आला.

"मी मशीन बंद केली आहे."

बटणाकडे निघालेला माझा हात गालावर गेला. आणि मी ओरडले, स्पष्ट, एकही चूक न करता: "आय हॅव स्टॉप्ड द मशीन!"

जाडीने डावा हात आत घातला.

तिची किंकाळी मी सांगत नाही. खिम्याच्या ताटात जे पडलं तेही सांगत नाही. मी बटण दाबलं तोवर तीन बोटं गेली होती. कोपरापर्यंत रक्त, माझ्या तोंडावर रक्त, आणि जाडी माझ्याकडे बघत होती. मी तिला खोटं का सांगितलं, हे तिला कळत नव्हतं.

तोवर दालनातल्या सगळ्या मशीन थांबल्या होत्या. माझ्या मागे बाबा पुटपुटले, "उत्तर बरोबर होतं." ते सवयीने बोलले, हे मला आज कळतं. शेजारच्या टेबलावरच्या कापणाऱ्यांनी ते ऐकलं. हातातल्या सुऱ्या खाली ठेवण्याची शुद्ध त्यांना राहिली म्हणून बाबा जिवंत राहिले. त्यांनी बाबांचं डोकं भिंतीवर आपटलं, खाली पाडून लाथा घातल्या, जबडा मोडला. बाबांनी एकदाही हात उचलला नाही. मी उभी राहून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. लाज फार उशिरा वाटली.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, चालू मशीनमध्ये हात घालणारीचीच चूक. मी म्हणाले, "चूक माझी. मी ओरडले म्हणून तिने हात घातला." काम चालू असताना मागून वाक्य विचारलं म्हणून बाबांना काढलं, मला ठेवलं. अपघातामुळे परीक्षा पुढे गेली होती, तिला अजून बारा दिवस होते. मी साहेबांना सांगितलं, "यादीतलं माझं नाव खोडा, तिचं घाला. डाव्या हाताने मांस धरता येत नाही, ती आता दालनात काय करणार?"

"तिला इंग्रजी येतं?"

"शाळेतलं थोडं येतं. बाकीचं बारा दिवसांत येईल."

"नाही आलं तर तिला घरी बसवावं लागेल," साहेब म्हणाले.

जाडी रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. पहिल्या दिवशी तिने आल्या आल्या फक्त वही उघडली. बाबा कोपऱ्यात असायचे. त्यांचा जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे नळीने पातळ तेवढं प्यायचे. सत्तावीस वर्षं बोललेला माणूस मुका होऊन बसला होता. एकदा मी 'हॅव बीन' चुकीचं समजावलं, तेव्हा त्यांनी कागदावर बरोबर लिहून तो हळूच माझ्याकडे सरकवला. जाडीने कागद वाचला आणि त्यांच्याकडे न बघता वहीत उतरवून घेतला.

अकराव्या दिवशी तिची गाडी एकाच जागी अडली. आय हॅव सीन हिम यस्टरडे. मी समजावलं. पुन्हा तेच. पायाखालचे तुकडे सांगितले, कप सांगितला. परीक्षा उद्यावर आली होती. तिने तिसऱ्यांदा यस्टरडे म्हटलं आणि मी तिच्या थोबाडीत मारली.

कोपऱ्यात बाबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

जाडी उठली आणि तिने मला मारलं. पट्टी बांधलेल्या हातानेच, होता नव्हता तेवढा जोर लावून. वेदनेने ती स्वतःच गुडघ्यांवर आली. माझ्या गालाला ओलं लागलं. तिचा टाका उसवला होता.

तिला उठवायला मी पुढे झाले तर तिने मला ढकललं. हात छातीशी धरून ती पुन्हा वहीसमोर बसली.

"परत हात लावलास तर जीव घेईन तुझा," ती म्हणाली. "पुढचं वाक्य विचार."

मी विचारलं. आवाज बाबांसारखा निघू नये म्हणून इतकं हळू विचारलं की मला ते तिला पुन्हा सांगावं लागलं.