साडूच्या मोटारीतला गिअर

आधी खालाचं सांगतो, तपासाचं मागाहून. शहागंजाजवळ तिच्या घरामागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. सातवीत शाळा सुटलेली, गाव लांब कोकणात समुद्राकाठी, इथली बोली निराळी. अंगावर खाकी होती, तरी कुणी मोठ्यानं हाक मारली की आपलंच काही चुकलं असं वाटायचं. त्या माउलीनं मला जेवू घातलं, आणि माझ्याकडं आलेला पहिला स्वतंत्र तपासही तिच्यामुळंच तडीस गेला. तो तपास अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

एका सासऱ्यानं दोन्ही जावयांना एकाच बनावटीच्या दोन जुन्या विलायती मोटारी दिल्या होत्या. दोघंही त्या वरातींना भाड्यानं द्यायचे. थोरल्या जावयाची मोटार आरशासारखी ठेवलेली, त्यामुळं जो तो नवरदेव तीच मागायचा. तिची तारीख मिळाली नाही, तरच लोक धाकट्याचं दार ठोठवायचे.

त्या थोरल्यानंच फिर्याद दिली. लग्नसराईच्या तोंडावर त्यानं मोटारीचा गिअरबॉक्स उघडून साफ करायला मिस्त्रीकडं टाकला होता. रॉकेलच्या ट्रेमध्ये धुऊन ठेवलेल्या भागांतून दुसरा गिअर गेला. कुलूप शाबूत, बाकी सगळं जागेवर, आणि असला गिअर बाजारात मिळेना. साहेबांनी मिस्त्रीला ठाण्यात आणून बाकावर बसवलं आणि मला म्हणाले, "शुक्रवारपर्यंत कबूल झाला नाही तर अटक दाखव."

मिस्त्री सोयगावकडचा, धनगराचा पोरगा, गॅरेज नुकतंच जम धरत होतं. तो बाकावर बसला होता आणि तिकडं गिऱ्हाइकं येऊन आपापल्या गाड्या ओढून नेत होती.

मी विचारलं, "कुणाला विकला?"

"साहेब, चोरायचाच असता तर जोडी नेली असती की. दोन गिअर बरसोंबरस एकमेकांवर घासत्यात, तवा त्यांचे दात एकमेकांच्या वळणाचे व्हत्यात. एकटाच काढून परक्या गिअरसंगं बसवला तर रडतोय नुसता. एकटा नेणारा मिस्त्री नाय, येडा हाय."

"त्या दिवशी गॅरेजवर कोण कोण आलं होतं?"

"लई जण. गिऱ्हाईक, चहावाला... मालकाचे साडू बी चहा पिऊन गेले."

साडू म्हणजे घरचाच माणूस, म्हणून मी तिकडं पाहिलं नाही. भंगार बाजार उलटापालटा केला, चितेगावपर्यंतची गॅरेजं धुंडाळली. हाती काही नाही. तोंड पाडून घरी आलो तर खालानं ताट वाढलं.

"क्या हुआ रे? मुर्दे जैसा मुंह लेके बैठा."

मी सांगितलं. ती हसलीच.

"अरे बावा, बेचने कू ले गए तो बाजार में रहता. बाजार में नै, मतलब जलन का काम है. उसके हमजुल्फ कू पूछा?"

हमजुल्फ म्हणजे साडू. खाला दोन्ही बहिणींना लहानपणापासून ओळखत होती. "छोटी का मियां थोरलीच्या दारावरून जाताना मान वळवून मोटार बघतो, और फिर घर में खाना नै खाता. जुम्मे कू उसकी गाडी बारात में है. जाके देख."

साहेबांना विचारून मिस्त्रीला साध्या वेशातल्या शिपायाबरोबर घेतलं आणि शुक्रवारी दुपारच्या वरातीत जाऊन उभा राहिलो. फुलांनी मढलेली मोटार चढाला लागली, दुसरा गिअर पडला आणि आतून असा हंबरडा फुटला की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं.

एक वराती ओरडला, "अरे, दुल्हन से पहले मोटर रोने लगी!"

मिस्त्रीनं माझा हात घट्ट धरला. "हाच हाय साहेब. माझ्याच ट्रेमधला."

पण आवाज काही पंचनाम्यात लिहिता येत नाही. खालानं त्यावरही तोड सांगून ठेवली होती: "मारना नक्को. उसके सामने बडे की तारीफ कर."

धाकट्याला ठाण्यात बोलावलं, चहा मागवला. म्हणालो, "तुमचे हमजुल्फ काय मोटार ठेवतात हो!" तो गप्प. "सासरेबुवांनी बघूनच चांगली दिली असेल त्यांना." त्यानं कप खाली ठेवला. "आणि तिचा गिअर तर काय, लोण्यासारखा पडायचा म्हणे."

"काय लोणी!" तो उसळलाच. "सगळ्या गावाला त्याचंच गोड लागतं! माझ्या गाडीत आला, तर रडलाच ना तो!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. मग खालच्या मानेनं सांगू लागला. त्याच्या गाडीच्या दुसऱ्या गिअरचे दात गेले होते. ट्रेमध्ये थोरल्याचा गिअर चकाकताना दिसला. शेजारी त्याचा जोडीदार काळपट पडलेला. चकाकता तेवढा पिशवीत घातला. बाहेरगावच्या ज्या मिस्त्रीनं तो बसवला, तोही म्हणाला होता, जोडी आणा. पण पुन्हा त्या ट्रेपाशी जायची छाती कुणाची होणार?

पंचांसमक्ष गाडी उघडली, गिअर जप्त केला. मिस्त्रीला साहेबांनी स्वतः जीपमधून गॅरेजवर सोडलं, भर रस्त्यानं, सगळ्यांना दिसेल असं. पुढं साडूंनी कोर्टाच्या परवानगीनं तडजोड केली.

नंतरच्या नोकरीत चोरी समोर आली की मी आधी विचारायचो, गेलेली वस्तू विकली जाईल का? उत्तर नाही आलं, की भंगार बाजार सोडून घरच्यांकडं वळायचो. ठाण्यातले शिकलेसवरलेले विचारायचे, हे कुठं शिकलास? मी हसून वेळ मारून न्यायचो.

त्या वेळी खालाला साडी नेली, तर तिनं परत केली. म्हणाली, "तेरे गांव का समुंदर दिखा दे कभी. इतना याद करता तू, मेरे कू उससे जलन होती."

हो म्हणालो होतो. आधी रजा मिळाली नाही, मग बदल्या झाल्या. आता मी निवृत्त आहे आणि तिचे गुडघे धरलेत. खाला, पायऱ्या उतरवत नसतील तर पाठीवर घेईन, पण तुझे पाय त्या पाण्यात एकदा भिजवीनच.