सुरक्षा सप्ताहाचा फेटा

निगडीची यशोदाबाई एका खासगी दवाखान्यात, डोक्याच्या पेशंटांच्या आयसीयूत, सतरा वर्षं मावशी होती. रक्त, उलटी, पू, सगळं तिनं हातानं निपटलं, कधी नाक मुरडलं नाही. तिला किळस यायची ती भेटायला येणाऱ्यांची. एका मेव्हण्यानं तर पेशंटच्या उशाशी बसून तंबाखू मळली होती. तो किस्सा ती सांगायला बसली की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. पण ज्योतीरामच्या वेळी घडलं ते त्याच्याही वरताण.

ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत ऑपरेटर. मशीनच्या शिडीवरून पडला, मेंदूला सूज चढली. डॉक्टरांनी कवटीत दाण्याएवढा सेन्सर बसवला आणि त्याच्यावर, बाहेरून, काड्यापेटीएवढी डबी पट्टीनं चिकटवली. वायर कुठंच नाही. डोक्यातला दाब आपला हवेतून पडद्यावर. बाईला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. मान वळली की दाब चढतो आणि बावीसच्या वर गेला की सिस्टरला हाक मारायची, एवढं पक्कं ठाऊक. ज्योतीरामची बायको विजयश्रीही दाराच्या काचेतून तोच आकडा बघत उभी असायची.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे चार साहेब आले. कंपनीत सुरक्षा सप्ताह चालू होता ना, मग जखमी कामगाराचा सत्कार नको? दवाखान्याच्या मॅनेजरनंच त्यांना आत सोडलं. बाई लघवीची पिशवी रिकामी करून परत येते तो काय, तोंडात नळी असलेल्या बेशुद्ध माणसाला भगवा फेटा बांधलेला, मान फोटोसाठी एका अंगाला वळवलेली. पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा.

"डबी कुठं हाय?"

"ती होय?" मोठे साहेब म्हणाले. "फेटा नीट बसेना, मावशी. वायर नाही काही नाही, म्हटलं बंदच असेल."

डबी साहेबांनी आणलेल्या सत्काराच्या ताटात नारळाशेजारी पडली होती, कुंकवानं माखलेली.

"कंपनीत चालू मशीनचं झाकण असंच काढता व्हय, साहेब?"

सिस्टरला हाक मारत बाईनं फेटा सोडला, मान सरळ केली. सिस्टरनं डबी पुसून जागेवर लावली. एकतीस. काचेपलीकडं विजयश्रीनं तोंडाला पदर लावला. सिस्टरनं डॉक्टरांना बोलावून औषध सुरू केलं.

तेवढ्यात मागून एक साहेब म्हणाले, "फोटो हलला, राव. परत एक घ्या."

ताट त्यांच्या हातात कोंबून बाईनं चौघांना बाहेर काढलं. दारातूनही एकजण म्हणाला, "फेटा तेवढा द्या, भाड्याचा आहे."

"पिवळ्या पिशवीत टाकलाय, रक्तामासाच्या कचऱ्यात. हात घाला आन् घ्या काढून."

कोणी हात घातला नाही.

अठ्ठावीस झाले. मग तेवीस. सोळावर आकडा चांगला वीस मिनिटं टिकला, तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली आणि बाईनं दार किलकिलं केलं.

"ये गं पोरी. हात धर त्याचा. मानेला मात्र हात लावू नको."