दोरीचा चौथा कोपरा

माझ्या मुलीच्या बालवाडीच्या बाई मला रोज फाटकात भेटतात. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर रत्नागिरीच्या बंदरावरून मागून आणलेला होडीचा जुना दोर आणि बोलताना दर वाक्याला "होय ना?" त्या मुलांना वही क्वचितच उघडायला लावतात. महिनाभर वही कोरीच दिसली, तेव्हा मी जाब विचारायला गेलो.

"बाई, लिहायला कधी शिकवणार?"

"शिकवू हो. आधी इथे धरा. आज एक पोर कमी आहे, होय ना?"

टोकं बांधलेला तो दोर धरून अंगणात तीन मुलं उभी होती. त्यात वर्गात कधीच न बोलणारी माझी मुलगी. मी चौथा झालो. बाईंनी आम्हाला पुढेमागे सरकवून चौकोन केला आणि मला म्हणाल्या, "आता सोडा."

दोर सैल पडला. मुलं गोंधळली. मग माझी मुलगी दोर ताणत मागे मागे गेली आणि किंचाळली, "बाई, बाबा गेले नि त्रिकोण झाला!"

मी हसत तिला गप्प करायला निघालो, तर बाईंनी मलाच थांबवलं.

"वहीत काढेल ती उद्या. आज ओरडू दे."